स्विच वापरून डिक्शनरीतल्या नोंदी लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी, जावा, सी शार्प, स्विफ्ट, जावास्क्रिप्ट किंवा पायथन नव्याने शिकणाऱ्यांसाठी हे पान आहे. कीवर्ड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. एडिटरमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे. उदाहरणांतली गावं, स्टेशनं आणि गाड्यांचे कोड खरे आहेत. मासळीचे दर मात्र उदाहरणापुरते आहेत, ते दाखवून बाजारात घासाघीस करू नये.

स्विचने डिक्शनरी सॉर्ट होते का?

तुम्ही ‘सॉर्ट’ कशाला म्हणता त्यावर ते अवलंबून आहे. या एका शब्दाखाली दोन निराळी कामं दडलेली आहेत आणि मराठीत त्यांना सरळ दोन शब्द आहेत: वर्गवारी आणि क्रमवारी. गोव्यातल्या मालिमच्या जेटीवर ट्रॉलर रिकामा होतो तेव्हा बांगडे एका क्रेटमध्ये, इसवण दुसऱ्यात, सुंगटं तिसऱ्यात जातात. ही वर्गवारी. एकाच क्रेटमधले मासे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले तर ती क्रमवारी. स्विच फक्त पहिलं काम करतो. एक किंमत हातात घ्यायची, ती कोणत्या केसला जुळते ते बघायचं आणि त्या केसखालचं काम करायचं, एवढीच त्याची झेप. दोन किमतींची एकमेकींशी तुलना त्यात कुठेच होत नाही, त्यामुळे क्रम लावणं त्याच्या हातात नाही. त्यासाठी भाषेचं सॉर्ट फंक्शन लागतं.

स्वाध्यायात ‘गटांत सॉर्ट करा’ असं असेल तर लूप आणि स्विच. ‘चढत्या क्रमाने सॉर्ट करा’ असं असेल तर सॉर्ट फंक्शन. दोन्ही एकत्र कुठे येतात ते पुढे स्टेशनांच्या प्रश्नात आहे.

वर्गवारीचा प्रोग्राम नेमका कसा रचायचा?

पाच नोंदींची डिक्शनरी घ्या. की म्हणजे माशाचं नाव, व्हॅल्यू म्हणजे किलोचा दर: बांगडा २४०, तारली १२०, इसवण ९००, सुंगटं ५५०, पापलेट ११००.

लूप सुरू होण्याआधी तीन रिकाम्या याद्या तयार करा: स्वस्त, मध्यम, महाग. मग लूप लावा, प्रत्येक फेरीत की आणि व्हॅल्यू दोन्ही हातात येतील असा. पायथनमध्ये त्यासाठी डिक्शनरीच्या नावापुढे डॉट आयटम्स आणि कंस लागतो; तो विसरलात तर फक्त की मिळते. लूपच्या आत व्हॅल्यूवर स्विच लावा: २०० पेक्षा कमी असेल तर की ‘स्वस्त’मध्ये घाला, २०० ते ६०० च्या आत असेल तर ‘मध्यम’मध्ये, नाहीतर ‘महाग’मध्ये. लूप संपल्यावरच याद्या छापा.

आता हे एकदा कागदावर चालवा. पहिल्या फेरीत बांगडा, २४०. पहिली केस विचारते, २०० पेक्षा कमी? नाही. दुसरी विचारते, ६०० पेक्षा कमी? हो. बांगडा ‘मध्यम’मध्ये गेला, तिसऱ्या केसकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या फेरीत तारली, १२०, पहिल्याच केसला जुळली. शेवटी स्वस्त यादीत एक, मध्यममध्ये दोन, महागमध्ये दोन. बेरीज पाच, डिक्शनरीतल्या नोंदीही पाच. ही बेरीज प्रोग्रामच्या शेवटच्या ओळीत तपासून घ्यायची सवय लावा. खालचे निम्मे घोटाळे तिथेच पकडले जातात.

एक अडचण: व्हॅल्यूवर ‘पेक्षा कमी’ अशी अट केसमध्ये प्रत्येक भाषेत लिहिता येत नाही. स्विफ्टमध्ये रेंज देता येते, सी शार्पमध्ये आवृत्ती ९ (२०२०) पासून तुलना लिहिता येते, पायथनच्या मॅचमध्ये (तिथे स्विचच्या जागी मॅच असतं) केसपुढे इफ जोडता येतो. सी मध्ये केसला पूर्णांकाची ठरलेली किंमतच लागते, तेव्हा तिथे अशा कामाला इफ-एल्स हाच सरळ मार्ग.

तिन्ही याद्या मिळून शेवटी एकच नाव उरतं. बाकीचे मासे कुठे गेले?

रिकाम्या याद्या तुम्ही लूपच्या आत तयार केल्या आहेत. दर फेरीला टोपली उपडी होते आणि शेवटचा पापलेट तेवढा राहतो. त्या तीन ओळी लूपच्या वर न्या.

प्रोग्राम पहिल्याच नोंदीनंतर थांबतो, एरर काहीच येत नाही.

बहुधा तुम्ही सी किंवा जावा शिकून पायथनकडे आला आहात आणि हाताच्या सवयीने प्रत्येक केसखाली ब्रेक लिहिला आहे. सी, जावा, स्विफ्टमध्ये स्विचच्या आतला ब्रेक फक्त स्विचमधून बाहेर काढतो, लूप चालू राहतो. पायथनच्या मॅचला ब्रेक ठाऊकच नाही, म्हणून तोच ब्रेक बाहेरच्या लूपला लागू होतो आणि बांगड्यावरच सगळं आटोपतं. पायथनमध्ये केसखालचे सगळे ब्रेक पुसून टाका.

उलटा घोटाळाही होतो. ‘पापलेट सापडला की लूप थांबव’ म्हणून स्विफ्टमध्ये स्विचच्या आत ब्रेक लिहिला तर लूप थांबत नाही. तिथे लूपला नाव द्यावं लागतं आणि ब्रेकपुढे ते नाव लिहावं लागतं.

तारली स्वस्तमध्येही दिसते, मध्यममध्येही आणि महागमध्येही. का?

ब्रेक राहिला. सी, सी प्लस प्लस, जुन्या पद्धतीचा जावा आणि जावास्क्रिप्ट यांत एक केस जुळली की ब्रेक भेटेपर्यंत खालच्या सगळ्या केसचं काम होत जातं. त्या केस जुळतात की नाही हे पुन्हा विचारलंच जात नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवरून पाय सुटावा तसं ते खाली घसरतं. सी शार्पमध्ये काम लिहिलेली केस अशी उघडी सोडली तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. स्विफ्ट आणि गो या भाषांत घसरण आपोआप होत नाही, हवी असेल तर तसं लिहून मागावं लागतं. जावात आवृत्ती १४ (२०२०) पासून बाणाची केस, म्हणजे कोलनऐवजी बाण लिहिलेली केस, पक्की झाली, तिच्यातही घसरण नाही. नवीन शिकत असाल तर जावात बाणच वापरा, कोलन विसरा.

घसरणीचा एक उपयोग मात्र चांगला आहे: रिकाम्या केस एकाखाली एक लिहून गट करणं. गोव्यात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस असते. महिन्याच्या आकड्यावर स्विच लावला तर केस ६ रिकामी, तिच्या लगेच खाली केस ७, तिथे ‘बंदी’ आणि ब्रेक. स्विफ्टमध्ये हेच एका केसमध्ये ६ आणि ७ स्वल्पविरामाने लिहून होतं. पायथनमध्ये दोहोंच्या मध्ये उभी रेघ येते.

१९९.५० दराची नोंद कुठल्याच यादीत नाही!

केस अशा लिहिल्या असणार: ० ते १९९, २०० ते ५९९, ६०० च्या पुढे. पूर्णांकांसाठी हे बरोबर आहे. दर दशांशात आला की १९९ आणि २०० यांच्यामधली फट उघडी पडते आणि नोंद डिफॉल्टमध्ये, म्हणजे कोणतीच केस जुळली नाही तर चालणाऱ्या भागात जाते, जिथे बहुतेकांनी काहीच लिहिलेलं नसतं. एका केसचा शेवट आणि पुढच्या केसची सुरुवात हा एकच आकडा ठेवा, आणि तो पहिल्या केसमधून वगळा. स्विफ्टमध्ये तीन टिंबांची रेंज शेवटचा आकडा धरते; दोन टिंबं आणि ‘पेक्षा लहान’चं चिन्ह असलेली तो धरत नाही. इथे दुसरी हवी.

केसचा क्रमही बघा. ‘६०० पेक्षा कमी’ ही केस ‘२०० पेक्षा कमी’च्या वर लिहिलीत तर स्वस्त यादी कायम रिकामी राहील, कारण वरून पहिली जुळणारी केस जिंकते.

गाडीच्या नंबरवरून आरटीओचं गाव काढताना केस ०८ वर एरर येते. ०७ पर्यंत तर सगळं चालतं.

हा गोव्यातल्या विद्यार्थ्यांना हमखास भेटणारा सापळा आहे, कारण उदाहरण फारच सोयीचं आहे: जीए ०१ आणि ०७ पणजी, ०२ आणि ०८ मडगाव, ०३ म्हापसा, ०४ डिचोली, ०५ फोंडा, ०६ वास्को. सी आणि जावामध्ये आकड्याच्या आधी शून्य लिहिलं की तो आकडा अष्टमान पद्धतीचा, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक असलेला धरला जातो. ०१ ते ०७ च्या किमती दोन्ही पद्धतींत सारख्याच, म्हणून चूक लपून राहते. ०८ मध्ये ८ हा अंकच त्या पद्धतीत नाही, तिथे कंपाइलर अडतो. पायथन तर ०१ पासूनच अडतो, म्हणजे निदान प्रामाणिक म्हणायचा. स्विफ्टला यात काही वावगं वाटत नाही.

खरा उपाय म्हणजे कोड अंक म्हणून धरायचाच नाही. त्यात बेरीज-वजाबाकी करायची नसते. ते नाव आहे. अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून ठेवा. जावात मजकुरावर स्विच आवृत्ती ७ (२०११) पासून चालतो. सी मध्ये मजकुरावर स्विच लागत नाही, तिथे शून्य काढून १, २, … ८ लिहा.

वापरणाऱ्याने ७ टाइप केलं, केस ७ आहे, तरी डिफॉल्ट छापलं जातं.

पायथनचं इनपुट फंक्शन आणि वेबपेजवरचा फॉर्म दोन्ही मजकूर देतात. मजकूर ‘७’ आणि आकडा ७ या वेगळ्या गोष्टी. जावास्क्रिप्टचा स्विच तर तीन बरोबरच्या चिन्हांची कडक तुलना वापरतो, प्रकार वेगळा असेल तर जुळवून घेत नाही. आधी आकड्यात बदला, मग स्विच लावा.

कीबोर्ड मराठीवर असताना देवनागरी ७ आला असेल तर आणखी एक पेच. पायथनचं इंट फंक्शन देवनागरी अंक बिनतक्रार आकड्यात बदलतं. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडा नाही’) परत देतं आणि नॅन कोणत्याच केसला जुळत नाही, नॅनलासुद्धा नाही.

स्टेशनं गाडी ज्या क्रमाने घेते त्या क्रमाने लावायची आहेत. सॉर्ट फंक्शन अकारविल्हे लावतं. आता?

वर्गवारी आणि क्रमवारी एकत्र येतात ती जागा ही. कोकण रेल्वेने उत्तरेकडून गोव्यात शिरलं की आधी पेडणे, मग थिवी, करमळी, मडगाव, बाळ्ळी, काणकोण. डिक्शनरीत स्टेशनाचं नाव की आहे आणि तिथे उतरलेल्यांची संख्या व्हॅल्यू आहे असं धरा. नावावर सरळ सॉर्ट केलं तर करमळी, काणकोण, थिवी, पेडणे, बाळ्ळी, मडगाव अशी यादी येते, म्हणजे गाडी करमळीहून थेट काणकोणला जाऊन मागे थिवीला परतते.

यासाठी एक छोटं फंक्शन लिहा. त्याला नाव द्यायचं, त्याने क्रमांक परत द्यायचा. आत स्विच: पेडणेला १०, थिवीला २०, करमळीला ३०, मडगावला ४०, बाळ्ळीला ५०, काणकोणला ६०. मग सॉर्ट फंक्शनला सांगायचं की नावांची तुलना करू नकोस, या फंक्शनने दिलेल्या क्रमांकांची कर. पायथनमध्ये सॉर्टेडला ‘की’ नावाने हे फंक्शन द्यायचं (डिक्शनरीची की वेगळी, ही की वेगळी, नावांचा हा गोंधळ भाषा बनवणाऱ्यांनी करून ठेवला आहे). सी शार्पमध्ये ऑर्डरबायला, स्विफ्टमध्ये सॉर्टेड बायच्या कंसात दोन क्रमांकांची तुलना लिहून.

क्रमांक १, २, ३ न देता दहाच्या पटीत का? उद्या वेर्णे आणि माजोर्डे घालायचं ठरलं तर करमळी आणि मडगावच्या मध्ये ३३ आणि ३६ देता येतात, खालचे सगळे आकडे बदलावे लागत नाहीत.

डिफॉल्टला ० देऊ नका. अनोळखी नाव ० घेऊन पेडण्याच्याही आधी जाऊन बसतं आणि तीच खरी पहिली नोंद आहे असं वाटतं. ९९९ द्या, म्हणजे चुकीचं नाव तळाला पडेल आणि डोळ्यांत भरेल.

दोन नोंदींचा क्रमांक सारखाच असेल तर आधी कोण?

पायथनचं सॉर्ट स्थिर आहे: बरोबरीच्या नोंदी मूळ क्रमाने राहतात. सी शार्पमध्ये ऑर्डरबाय स्थिर आहे, यादीचं स्वतःचं सॉर्ट नाही. भरवशावर राहण्यापेक्षा दुसरी अट लिहून टाका: पायथनमध्ये क्रमांक आणि नाव यांची जोडी परत द्या, सी शार्पमध्ये देनबाय जोडा.

क्रम लावून नोंदी पुन्हा डिक्शनरीत भरल्या. क्रम टिकेल का?

पायथन ३.७ (२०१८) पासून टिकतो. डिक्शनरी नोंदी भरल्या त्या क्रमाने ठेवते, ही भाषेची हमी आहे. सॉर्टेड मात्र यादी परत देतं, डिक्शनरी नव्हे, आणि डिक्शनरीला स्वतःची सॉर्ट मेथड नाही.

स्विफ्टमध्ये टिकत नाही. तिथे तर एकच प्रोग्राम दोनदा चालवला तरी क्रम वेगळा दिसतो, आणि मशीन बिघडलं असं समजून मुलं पुन्हा पुन्हा चालवत बसतात. बिघडलेलं काही नाही, मुद्दामच तसं ठेवलं आहे. क्रम हवा असेल तर की-व्हॅल्यूच्या जोड्यांची यादीच ठेवा. सी शार्पची साधी डिक्शनरी क्रमाची हमी देत नाही. सॉर्टेड डिक्शनरी घ्या. जावात हॅशमॅपऐवजी ट्रीमॅप, किंवा भरल्याचा क्रम हवा तर लिंक्डहॅशमॅप.

जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टची खोड निराळी. पूर्णांकासारख्या की तो स्वतःच चढत्या क्रमाने पुढे काढतो, बाकीच्या भरल्या क्रमाने. म्हणून ‘७’, ‘२’ भरलं तर २ आधी येतो, पण ‘०७’, ‘०२’ भरलं तर ०७ आधीच राहतो. मॅप वापरा, डोकं शांत राहील.

मराठी नावांचा क्रम बरोबर लागतो का?

बराचसा. साधं सॉर्ट युनिकोडमधल्या क्रमांकांनी चालतं आणि देवनागरीचा तक्ता वर्णमालेच्या जवळ जाणारा आहे. अडतं ते ‘ळ’पाशी. तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे संगणक वाळपई आधी ठेवतो आणि वास्को नंतर. मराठी वर्णमालेने वास्को आधी आणि वाळपई नंतर हवं. ‘क्ष’ला तर स्वतंत्र जागाच नाही. तो क, हलन्त आणि ष असा साठवला जातो, म्हणून क्षने सुरू होणारी नावं क च्या शेपटीला येतात. अभ्यासापुरतं हे चालतं. छापील यादी करायची असेल तर भाषेचे नियम जाणणारं सॉर्ट वापरा, जावास्क्रिप्टमध्ये कोलेटर आहे. आधी वाळपई-वास्को ही जोडी देऊन चाचणी घ्या.

नाव अक्षरशः तेच आहे, तरी केस जुळत नाही.

डोळ्यांना तेच दिसतं. एक्सेलमधून किंवा व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या नावामागे मोकळी जागा असते, ती ट्रिम किंवा स्ट्रिपने काढा. मग लेखनभेद: मडगाव आणि मडगांव दोन्ही लिहिलं जातं, दोन्ही एकाच केसमध्ये घ्या. तिसरा प्रकार चिवट आहे. ‘किनाऱ्यावर’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, एकीत मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर फरक शून्य, तुलनेत मात्र ते वेगळे शब्द. शंका आली तर लांबी छापून बघा: पायथन, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये ‘मडगाव’ची लांबी ५ येते, कारण काना वेगळा मोजला जातो. ६ आली तर पाहुणा आहे. स्विफ्ट ‘गा’ला एकच अक्षर धरतं, तिथे ४.

लूप चालू असताना ‘महाग’ नोंदी डिक्शनरीतून काढून टाकल्या तर?

पायथन आणि जावा बहुधा अर्ध्यावर एरर देतात. काढायच्या की वेगळ्या यादीत जमवा, लूप संपल्यावर काढा.

पायथनच्या मॅचमध्ये केसला चलाचं नाव दिलं, तर सगळंच जुळायला लागलं.

मॅच पायथन ३.१० (२०२१) मध्ये आलं आणि ते सी च्या स्विचचं भावंड नाही, लांबचा नातेवाईक आहे. केसपुढे नुसतं नाव लिहिलं की पायथन त्या नावातली किंमत तपासत नाही. समोर आलेली किंमत त्या नावात भरतो आणि ‘जुळलं’ म्हणतो. ती केस मध्ये असेल तर खालच्या केसपर्यंत पोचताच येणार नाही अशी एरर मिळते. शेवटची असेल तर गुपचूप सगळं गिळते. किंमत थेट लिहा किंवा टिंब असलेलं नाव वापरा.

शाळेत स्क्रॅच शिकलो, तिथे स्विच कुठे होता?

नव्हता. गोवा सरकारच्या ‘केअर्स’ या कोडिंग-रोबोटिक्स शिक्षणाच्या योजनेतून शाळेत ज्यांचा हात स्क्रॅचवर बसला त्यांनी इफ-एल्सचे ठोकळे एकात एक घातलेले आठवावेत; स्विच म्हणजे तेच, सपाट करून मांडलेलं.

केस वीस झाल्या. अजूनही स्विचच वापरू?

प्रत्येक केसखाली फक्त एक किंमत परत दिली जात असेल तर नको. आरटीओचं उदाहरण शिकण्यापुरतं स्विचमध्ये ठीक, खऱ्या प्रोग्राममध्ये ती दुसरी डिक्शनरी असायला हवी: की ‘०७’, व्हॅल्यू ‘पणजी’. स्टेशनांचे क्रमांकही तसेच. केसखाली वेगवेगळी कामं होत असतील, कुठे यादीत घालणं, कुठे बेरीज, कुठे इशारा छापणं, तेव्हा स्विच शोभतो.

डिफॉल्ट लिहायलाच हवा का?

मजकुरावर किंवा आकड्यावर स्विच असेल तर हो. स्विफ्ट तो नसेल तर पुढे जाऊच देत नाही. ईनमवर (मोजक्या ठरलेल्या पर्यायांच्या प्रकारावर) असेल तर स्विफ्टमध्ये मुद्दाम लिहू नका: उद्या ईनममध्ये नवा प्रकार वाढला की कंपाइलर स्वतःच राहिलेली केस दाखवेल, डिफॉल्ट असेल तर तो गप्प बसेल. आणि जिथे लिहाल तिथे तो रिकामा ठेवू नका. जी की जुळली नाही ती दोन उभ्या रेघांच्या मध्ये छापा, |मडगाव | अशी. मागची मोकळी जागा लगेच दिसते.